पायथन ३.८ वर चालणारा प्रोग्राम ३.१३ वर इम्पोर्टलाच अडतो, तेव्हा कुठून धरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नुकताच नोकरीला लागलेला मुलगा विचारतोय: "ताई, फाटकाजवळच्या वजनकाट्यावरचं वजन सिरियल पोर्टवरून वाचून पावती छापणारा पायथनचा प्रोग्राम आमच्याकडे आहे. लिहिणारा कॅनडाला गेला. जुना संगणक बदलला, नव्यावर पायथन ३.१३ टाकलं, आणि आता एक इम्पोर्ट एरर मिटवला की दुसरा उभा. सिरियल इन्स्टॉल केलं तरी त्यात सिरियल नाही म्हणतो. मग डिस्टयूटिल्स नाही, मग जिंजातलं एस्केप नाही, मग टेलनेटलिब नाही. पांडासची जुनी आवृत्ती तर इन्स्टॉलच होत नाही. कुठून धरू?"

आधी इन्स्टॉल करणं थांबव. इम्पोर्ट एरर म्हणजे प्रोग्रामला हवी असलेली लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) किंवा तिच्यातलं एखादं नाव पायथनला सापडत नाही. दिसेल त्या नावामागे पिप इन्स्टॉल (पिप म्हणजे लायब्ऱ्यांची पॅकेजं आणून बसवणारं साधन) लावत गेलास की काही जुनं, काही नवं, काही भलतंच असं पॅकेजांचं कडबोळं होतं आणि मूळ बिघाड कुठला, आपण घातलेला कुठला, हे ओळखता येत नाही. बडोद्याच्या आसपासच्या छोट्या कारखान्यांतले असे प्रोग्राम सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या दर खेपेला अर्धा वेळ असलं उपद्व्यापी इन्स्टॉलेशन साफ करण्यातच जातो.

तुझ्याकडे दोन गोष्टी एकाच वेळी सरकल्या आहेत. एक पायथन: ३.८ हे ऑक्टोबर २०१९ चं, ३.१३ हे ऑक्टोबर २०२४ चं. दुसरी म्हणजे लायब्ऱ्या. त्या पायथनशी बांधलेल्या नसतात, आपापल्या गतीने पुढे जातात. म्हणून नुसतं ३.८ परत टाकून सगळं पूर्ववत होईल असं समजू नकोस. तुझा जिंजाचा एरर ३.८ वरही येईल. का, ते पुढे सांगते. प्रोग्राम ज्या काळात शेवटचा नीट चालत होता, त्या काळातलं पायथन आणि त्याच काळातल्या लायब्ऱ्या, दोन्ही आधी परत उभ्या करायच्या. तो जुना संच चालू झाला की मगच एकेक पायरी वर. थेट ३.१३ वर दुरुस्त्या करत बसणं मला पटत नाही, कारण तिथे तुला तुलना करायला चालणारं काही नसतं.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

जुना संगणक भंगारात गेलाय का? गेला नसेल तर आजच ताब्यात घे. चालू होत असेल तर त्यावर "पायथन -एम पिप फ्रीझ" चालव आणि आलेली लायब्ऱ्यांची आणि त्यांच्या आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये ठेव. चालू होत नसेल तरी हरकत नाही. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोड, पायथनच्या फोल्डरमध्ये लिब, त्यात साइट-पॅकेजेस उघड. तिथे प्रत्येक लायब्ररीचं एक डिस्ट-इन्फो फोल्डर असतं आणि त्याच्या नावातच आवृत्ती लिहिलेली असते: पांडास-१.१.५, फ्लास्क-१.१.२ अशी. प्रोग्राम वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (त्या प्रोग्रामपुरत्या लायब्ऱ्यांच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये) चालत असेल तर हेच साइट-पॅकेजेस त्या फोल्डरमध्ये सापडेल. दहा मिनिटं बसून ती नावं उतरवून घेतलीस तर पुढचा आठवडा वाचेल. डिस्कही गेली असेल तर प्रोग्रामच्या फाइलींवरची शेवटची बदलाची तारीख बघ. यूव्ही नावाच्या साधनात एक्स्क्लूड-न्यूअर असा पर्याय आहे. त्याला तारीख दिलीस की त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या तो विचारातच घेत नाही. काळ परत उभा करायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता नव्या संगणकावर नेमकं कोणतं पायथन चालतंय ते बघ. विंडोजवर "पाय -०पी" म्हटलंस की असतील तेवढी पायथनं आपापल्या पत्त्यांसकट दिसतात. एकाहून जास्त दिसली तर नवल नको: एक कुणीतरी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेलं असतं, एक पायथनच्या साइटवरून, एखादं दुसऱ्याच सॉफ्टवेअरबरोबर आलेलं. नुसतं "पिप" टाइप केलंस तर ते यातल्या एकाचं असतं आणि "पायथन" दुसऱ्याचं. लायब्ररी एकीकडे बसते, प्रोग्राम दुसरीकडे शोधतो. म्हणून नेहमी "पायथन -एम पिप" म्हणायची सवय लाव, किंवा विंडोजवर "पाय -३.८ -एम पिप". म्हणजे ज्या पायथनने प्रोग्राम चालवणार, त्याच्याच पिपने लायब्ररी बसते.

तुझे एरर आता एकेक घेऊ. वरून सारखे दिसतात, पण जात निराळी आहे.

सिरियलचा एरर आवृत्तीचा नाहीच, नावाचा आहे. प्रोग्राममध्ये "इम्पोर्ट सिरियल" लिहिलेलं असतं, पण पिपला सांगायचं पॅकेजचं नाव पायसिरियल. आणि गंमत नव्हे तर खरी अडचण अशी की सिरियल नावाचं दुसरंच एक पॅकेजही पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतो त्या साठ्यावर) आहे, ज्याचा पोर्टशी काही संबंध नाही. तू ते घेतलंस, म्हणून इम्पोर्ट झालं आणि आत सिरियल क्लास सापडला नाही. इथे एक बारकावा आहे. दोन्ही पॅकेजं सिरियल नावाच्याच फोल्डरमध्ये बसतात. चुकीचं काढून टाकताना बरोबरच्याच्या फाइलीही जाऊ शकतात. म्हणून आधी दोन्ही अनइन्स्टॉल कर, मग फक्त पायसिरियल घे. तरीही तोच एरर आला तर इम्पोर्टखाली "प्रिंट सिरियल.__फाइल__" अशी एक ओळ घालून कुठली फाइल उचलली जातेय ते बघ. पोर्ट तपासायला कुणीतरी सिरियल.पीवाय नावाची छोटी फाइल प्रोग्रामशेजारी ठेवलेली असते, आणि पायथन आधी शेजारी बघतं. तिचं नाव बदललं की प्रश्न मिटतो. इम्पोर्टचं नाव एक आणि पॅकेजचं दुसरं अशी जोडी आणखीही आहेत: सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथन, पीआयएल साठी पिलो, यामलसाठी पायवायएएमएल, एसकेलर्नसाठी सायकिट-लर्न. असं नाव अडलं तर अंदाजाने इन्स्टॉल करू नकोस, त्या लायब्ररीच्या स्वतःच्या माहितीपानावर नाव बघून घे.

डिस्टयूटिल्स आणि टेलनेटलिब हे पायथननेच काढून टाकलेले आहेत. तुझ्याकडून काही बसवायचं राहिलेलं नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा पायथन बसवून काही होणार नाही. डिस्टयूटिल्स ३.१२ मध्ये गेलं, ऑक्टोबर २०२३ ला. त्याच आवृत्तीत आयएमपी हे मॉड्यूलही गेलं. ३.१३ मध्ये टेलनेटलिब, सीजीआय, क्रिप्ट, पाइप्स अशी १९ जुनी मॉड्यूलं एकदम काढली. त्याआधी ३.१० मध्ये कलेक्शन्समधली मॅपिंग, इटरेबल वगैरे नावं गेली. ती आता कलेक्शन्स.एबीसी मधूनच घ्यायची. हे अचानक झालेलं नाही. कलेक्शन्स.एबीसी २०१२ सालच्या ३.३ पासून आहे, आणि आयएमपी जुनं झालं हे २०१४ मधल्या ३.४ पासून सांगितलं जात होतं. मग आपल्याला कळलं का नाही? कारण डिप्रिकेशनची (हे जुनं झालं, पुढे काढलं जाईल अशी) सूचना नेहमीच्या चालवण्यात फक्त मुख्य फाइलीतल्या कोडसाठी दिसते. लायब्ररीच्या किंवा आपल्याच दुसऱ्या मॉड्यूलच्या पोटातली सूचना पायथन गिळून टाकतं. म्हणून प्रोग्राम "पायथन -डब्ल्यू डिफॉल्ट" असा चालवून बघायचा. पुढच्या आवृत्तीत काय मोडणार आहे त्याची यादी आधीच हातात येते.

उपाय म्हणशील तर डिस्टयूटिल्स कशासाठी वापरलंय ते प्रोग्राममध्ये शोध. तुझ्याकडे बहुधा सेटिंग फाइलमधलं "येस-नो" वाचायला स्ट्रटूबूल असेल किंवा आवृत्तींची तुलना करायला लूजव्हर्जन. पहिल्यासाठी स्वतःचं चार ओळींचं फंक्शन लिही, दुसऱ्यासाठी पॅकेजिंग नावाची लायब्ररी आहे. सेटअपटूल्स इन्स्टॉल केलं की इम्पोर्ट डिस्टयूटिल्स पुन्हा चालायला लागतं, कारण त्याच्या पोटात डिस्टयूटिल्सची प्रत आहे. पण ती तात्पुरती टेकू आहे, प्रोग्राम तिच्यावर कायम उभा ठेवू नकोस. बरं, ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही. "पीकेजी_रिसोर्सेस नाही" असा एरर आला तर त्याचं मूळ तिथे असू शकतं. टेलनेटलिबसाठी स्टँडर्ड-टेलनेटलिब नावाने जुनाच कोड पायपीआयवर मिळतो. तुझा प्रोग्राम नेटवर्कवरच्या वजनदर्शकाकडून नुसती ओळ वाचत असेल तर मात्र साध्या सॉकेट मॉड्यूलवर ते काम होईल, आणि मी तेच करेन. कमी अवलंबून राहणं केव्हाही बरं.

जिंजाचा एरर मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण लायब्ऱ्या एकमेकींना कशा अडवतात ते त्यात स्वच्छ दिसतं. ऑफिसच्या स्क्रीनवर वजन दाखवायला तुझ्याकडे फ्लास्क १.१ आहे. फ्लास्क ही वेबपानं दाखवणारी लायब्ररी, आणि पानाचा साचा भरायला तिला जिंजा (पॅकेजचं नाव जिंजा२) लागतो. फ्लास्क १.१.२ ची मागणी होती: जिंजा२ किमान २.१०.१ हवा. वरची मर्यादा काहीच नाही. तेव्हा ते खरंही होतं. मार्च २०२२ मध्ये जिंजा ३.१ आला आणि त्यातून एस्केप काढलं गेलं. आज तू फ्लास्क १.१.२ मागितलंस तर पिप "किमान २.१०.१" वाचतो, हाती येईल तो नवा जिंजा आणतो, आणि फ्लास्क पहिल्याच इम्पोर्टला एस्केप मागून पडतो. पिपने नियम मोडला नाही, फ्लास्कने खोटं सांगितलं नाही. फक्त फ्लास्कची मागणी जुन्या काळातली आणि जिंजा नंतरचा. ३.८ वरही हेच होईल, कारण जिंजा ३.१ ला ३.८ चालतं.

मग लोक करतात काय, तर जिंजा खाली आणतात, २.११ वर. लगेच दुसरा एरर: मार्कअपसेफमध्ये (जिंजाला लागणाऱ्या लायब्ररीत) सॉफ्ट_युनिकोड नाही. ते फेब्रुवारी २०२२ च्या मार्कअपसेफ २.१ मध्ये काढलं गेलं, आणि जुन्या जिंजाची मार्कअपसेफवरही वरची मर्यादा नव्हती. मग मार्कअपसेफ खाली. हा खाली उतरण्याचा क्रम एकेक एरर बघून करायचा नसतो. जुन्या फ्रीझची यादी असेल तर सगळा संच एकदम बसतो, आणि नसेल तर तारखेने बांधलेलं इन्स्टॉलेशन तेच काम करतं. यादी अजिबातच मिळाली नाही तर फ्लास्क १.१.४ घे. त्यात फ्लास्कला लागणाऱ्या वर्कझॉइग, जिंजा, क्लिक वगैरे लायब्ऱ्यांवर वरची मर्यादा घातलेली आहे. मग मार्कअपसेफ तेवढं २.१ च्या खाली ठेवावं लागेल. फ्लास्क २.२ वर गेलास तरी हाच प्रकार सप्टेंबर २०२३ च्या वर्कझॉइग ३.० शी झालेला आहे, तिथे यूआरएल_कोट सापडत नाही.

पांडासचा विषय पुन्हा निराळा. पांडास (तक्त्यांची लायब्ररी), नमपाय (आकडेमोडीची) यांच्यात सी भाषेतला कोड असतो आणि तो प्रत्येक पायथन आवृत्तीसाठी आधीच बांधून व्हील फाइलीत ठेवलेला असतो. पांडास १.१.५ ची तयार व्हील ३.१३ साठी नाहीत, त्यामुळे पिप मूळ कोड आणून तुझ्याच संगणकावर बांधायला बसतो आणि शंभर ओळींच्या लाल मजकुरात कुठेतरी व्हिज्युअल सी++ मागतो. ते इन्स्टॉल करू नकोस. करूनही बहुतेक बांधलं जाणार नाही. ३.१३ वर पांडास किमान २.२.३ आणि नमपाय किमान २.१ हवं, असाच त्याचा अर्थ घे. आणि "डीटाइप साइझ चेंज्ड" किंवा "नमपाय १ वर बांधलेलं मॉड्यूल नमपाय २ वर चालणार नाही" असं कधी दिसलं तर इम्पोर्टच्या ओळीत काही चूक शोधत बसू नकोस. बांधलेल्या दोन लायब्ऱ्यांचं जमत नाही एवढंच ते सांगतंय. जून २०२४ च्या नमपाय २.० ने आतली रचना बदलली तेव्हापासून हा एरर पुष्कळ दिसतो. विंडोजवर "डीएलएल लोड फेल्ड" दिसलं तर मात्र आधी मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल बसलंय का आणि पायथन ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं, हे बघ.

एवढं कळलं की काम सरळ आहे. पायथन ३.८.१० चा इन्स्टॉलर घे. ३.८ मालिकेतला विंडोजचा तयार इन्स्टॉलर मिळणारी ती शेवटची आवृत्ती, त्यापुढच्या फक्त मूळ कोडच्या रूपात आहेत. (आसपासच्या कारखान्यांत अजून विंडोज ७ चे संगणक दिसतात. तिथे ३.८ च्या पुढे जाताच येत नाही, ३.९ ला विंडोज ८.१ लागतं.) त्यावर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कर, यादीतला संच बसव, "पिप चेक" चालव (लायब्ऱ्यांच्या मागण्या एकमेकींशी जुळतात का ते तो सांगतो), प्रोग्राम उघडतोय का बघ. उघडला की काट्याकडून येणारा कच्चा मजकूर दिवसभर एका फाइलीत साठव आणि त्यावरून छापल्या गेलेल्या पावत्याही ठेव. ही तुझी कसोटी. ३.८ वर कायम राहा असं मी म्हणत नाही, त्याला सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहेत आणि तुझा संगणक नेटवर्कवर आहे. पण मालाच्या गाड्या फाटकावर अडवून धरण्यापेक्षा आधी जुना संच चालू करून काम सुरू ठेवणं महत्त्वाचं आहे.

मग दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये वर चढ: ३.८ वर सूचना चालू करून जे जुनं झालंय ते बदल, मग ३.११, मग ३.१३. प्रत्येक पायरीवर तोच साठवलेला मजकूर दे आणि पावत्या जुन्यांशी जुळवून बघ. हे जुळवणं टाळू नकोस, कारण एरर न येता बदलणाऱ्या गोष्टी जास्त घातक असतात. पावतीवरची तारीख घे. आपण ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल लिहितो. जुनं पांडास अशा तारखा एकेक करून वाचायचं: ०३/०४ ला ४ मार्च समजायचं आणि १३/०४ ला १३ एप्रिल, एकाच स्तंभात. पांडास २.० पासून पहिल्या तारखेवरून एकच पद्धत ठरते आणि न बसणारी तारीख आली की एरर येतो. हा एरर तुझ्या भल्याचा आहे, त्याला दाबू नकोस. "डेफर्स्ट=ट्रू" लिही किंवा तारखेचा नमुनाच स्पष्ट दे, आणि जुन्या महिन्यांच्या अहवालांत तारखा उलटल्या आहेत का, हेही मालकांना दाखवून ठेव. दुसरं उदाहरण वजनाचंच. नमपाय २ पासून त्याची संख्या यादीच्या पोटात छापली तर नुसतं १२.५ न येता पुढे एनपी.फ्लोट६४ लागून येतं. पावतीवर ते तसंच छापलं जाईल. शिवाय पांडास २.० मध्ये डेटाफ्रेमचं अपेंड गेलं, तिथे कॉनकॅट वापर, आणि कोडमध्ये एनपी.फ्लोट असेल तर नुसतं फ्लोट लिही, ते नाव नमपाय १.२४ ला काढलंय. हे दोन एरर इम्पोर्टला न येता ती ओळ चालेल तेव्हा येतात, कधी कधी महिनाअखेरच्या अहवालातच. म्हणून अहवालाचं बटणही दाबून बघ.

तू जावाचंही ओझरतं विचारलं आहेस, वाहतुकीच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी. तिथे एरर बराच प्रामाणिक असतो. अनसपोर्टेड क्लास व्हर्जनमध्ये जो आकडा येतो त्यातून ४४ वजा कर: ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. फाइल त्या जावासाठी बांधलेली आहे आणि चालवणारं जावा त्याहून जुनं आहे. उलट जावा ८ वरून ११ वर गेल्यावर जेवॅक्स.एक्सएमएल.बाइंड सापडत नसेल तर ते ११ मध्ये काढलंय, वेगळी लायब्ररी म्हणून जोडावं लागतं. आणि "नो सच मेथड" दिसलं तर त्याच लायब्ररीच्या दोन जार फाइली (जावाचा बांधलेला कोड ठेवतात त्या) क्लासपाथवर, म्हणजे जावा जिथे कोड शोधतं त्या यादीत, आहेत का, हे पहिलं बघ.

नवा संच तयार झाला की त्याची फ्रीझ यादी प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच ठेव, पायथनच्या आवृत्तीसकट. आणि शेवटी प्रोग्राम स्वतःच्या हाताने चालवून थांबू नकोस. तुमच्याकडे तो टास्क शेड्युलरमधून संगणक सुरू होताच चालतो, म्हणजे बहुधा दुसऱ्या खात्याखाली. पिपने इन्स्टॉल करताना "डिफॉल्टिंग टू यूजर इन्स्टॉलेशन" म्हटलं असेल तर लायब्ऱ्या फक्त तुझ्या खात्यात बसल्या, आणि त्या दुसऱ्या खात्याला पुन्हा "नो मॉड्यूल" दिसेल. शेड्युलरमध्ये नुसतं "पायथन" न लिहिता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता दे, संगणक बंद करून चालू कर, आणि कुणीही लॉगिन न करता पहिल्या गाडीची पावती निघते का, ते फाटकावर उभं राहून बघ.